मुतखडा : औषधाचाही प्लॉट बघून मगच विश्वास ठेवा

(शेतकी विभागाकडून)



उसाच्या नव्या वाणाची कोणी कितीही तारीफ केली, तरी आपण एकदम पाच एकर लागण करीत नाही. आधी विचारतो, "प्लॉट कुठं आहे?" शेजारी को ८६०३२ चा पट्टा आहे का, दोन्हींना खत-पाणी सारखे दिले का, वजन काट्यावर झाले की बांधावरून अंदाजाने सांगितले, हे सगळे पाहिल्यावर मगच बेणे उचलतो. पण कमरेत कळ आली, मुतखडा आहे असे कळले, की ही सवय आपण विसरतो. "अमक्याचा खडा तमक्याच्या पुडीने पडला" एवढ्या एका वाक्यावर औषध सुरू होते.

उन्हाळ्यात गटागटातून फिरताना आम्हाला हा प्रकार दरवर्षी दिसतो. आम्ही डॉक्टर नाही, शेतीची पदविका घेतलेली माणसे आहोत. परंतु प्लॉट कसा वाचायचा हे आमचे रोजचे काम आहे आणि मुतखड्यावर जगात जे संशोधन झाले, ते याच रीतीने झालेले आहे. म्हणून हा लेख.

खडा धरतो कसा

आपल्या कारखान्यात पॅनवर उभे राहून पाहिले असेल त्याला हे चटकन समजेल. रस आटत जातो, दाट होतो आणि एका ठरावीक दाटपणाला साखरेचा दाणा धरतो. पाणी वाढवले की दाणा विरघळतो. लघवीचेही तसेच आहे. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड असे क्षार विरघळलेले असतात. एप्रिल-मे महिन्यात दिवसभर घाम जातो, पाणी पोटात कमी जाते, लघवी थोडी व गडद पिवळी होते. अशा दाट लघवीत क्षारांचे कण धरू लागतात आणि हळूहळू खडा तयार होतो. तो मूत्रपिंडात आहे तोवर पुष्कळदा त्रास देत नाही. तिथून सुटून बारीक मूत्रवाहिनीत अडकला, की मग कमरेपासून जांघेपर्यंत अशी कळ येते, की माणूस गडबडा लोळतो.

पुडीचे श्रेय कोणाला?

मूत्रवाहिनीतील पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे सुमारे दोनतृतीयांश रोग्यांत आपोआप पडतात. मग त्या दिवसांत माणसाने काहीही घेतले, तरी श्रेय त्या वस्तूला जाते. पाऊस चांगला झाला त्या वर्षी ज्याने जे खत टाकले, ते त्याला गुणकारी वाटावे, तसे हे आहे.

ब्रिटनमधील २४ रुग्णालयांनी मिळून याचा मोठा प्लॉट घेतला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मूत्रवाहिनीत दहा मिलिमीटरपर्यंतचा खडा असलेले १,१६७ रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने त्यांचे तीन गट केले. एका गटाला टॅमसुलोसिन, दुसऱ्याला निफेडिपिन ही औषधे दिली आणि तिसऱ्याला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. कोण काय घेतो हे रोग्याला किंवा त्याच्या डॉक्टरला ठाऊक नव्हते. चार आठवड्यांत पुढच्या कोणत्याही उपायाची गरज पडली नाही असे रोगी टॅमसुलोसिनच्या गटात शंभरात ८१, निफेडिपिनच्या गटात ८० आणि नुसत्या गोळीच्या गटातही ८० निघाले! हा तिसरा पट्टा नसता, तर "शंभरात ऐंशी गुण" म्हणून दोन्ही औषधांची जाहिरात झाली असती.

मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला असलेल्या, पाच मिलिमीटरहून मोठ्या खड्यांना टॅमसुलोसिनचा काही फायदा होतो, असे नंतरच्या अभ्यासांवरून तज्ज्ञ मानतात. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी हा लेख वाचून बंद करू नये. आमचे म्हणणे एवढेच, की गुण किती हे शेजारच्या पट्ट्याशिवाय सांगता येत नाही. कुळथाचे कढण, पानफुटीचा रस यांनाही हाच नियम लावावा. कढण जरूर प्या, पण त्याच्या भरवशावर तपासणी टाळू नका.

शस्त्रक्रियेचा जुना हिशेब

मुतखड्यावरील शस्त्रक्रिया फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील अश्मरी छेद घेऊन काढण्याची पद्धत दिली आहे आणि धोका मोठा असल्याने वैद्याने आधी राजाची अनुमती घ्यावी असेही सांगितले आहे. युरोपातही शेकडो वर्षे चिरूनच खडा काढीत.

पॅरिसच्या झाँ सिव्हियाल या डॉक्टरने १८२४ साली लघवीच्या मार्गाने उपकरण घालून मूत्राशयातील खडा न चिरता फोडला. पुढे त्याने दोन्ही पद्धतींचे आकडे गोळा केले. १८३५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांवर चर्चा झाली. चिरून खडा काढलेल्यांपैकी साधारण पाचात एक दगावला होता, तर फोडून काढलेल्यांपैकी शंभरात दोन-तीन. फरक मोठा खरा, पण या हिशेबात एक उणीव होती. कोणाला चिरायचे आणि कोणाचा खडा फोडायचा हे डॉक्टरच ठरवीत. धडधाकट रोगी एका बाजूला आणि खंगलेले दुसऱ्या बाजूला गेले असतील, तर तुलना बरोबरीची होत नाही. एक वाण काळ्या जमिनीत, दुसरे मुरमाड जमिनीत लावून टनेज काढण्यासारखेच ते झाले.

या अडचणीवर उपाय निघाला तो शेतात. इंग्लंडमधील रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रावर १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी कोणत्या वाफ्यात काय टाकायचे हे नशिबावर, म्हणजे सोडत काढून ठरवण्याची रीत बसवली. माणसांवरील औषधांच्या चाचणीत सोडतीचे तत्त्व ठळकपणे वापरले गेले ते क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत. तिचा अहवाल १९४८ सालचा आहे. म्हणजे आपण शिवारात जे पट्टे पाडतो, तीच रीत आज दवाखान्यात चालते.

आजच्या शस्त्रक्रिया

मूत्रपिंडातील खड्यासाठी पूर्वी कुशीत वीतभर छेद घ्यावा लागे. स्वीडनमध्ये १९७६ साली फर्नस्ट्रॉम व योहानसन यांनी पाठीतून लहानसे छिद्र पाडून, दुर्बिणीच्या मार्गाने खडा काढल्याचे प्रसिद्ध केले. ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीतील म्युनिक येथे डॉ. ख्रिश्चन शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथमच शरीराबाहेरून आघात-लहरी सोडून एका रोग्याचा खडा फोडला. ते यंत्र विमाने बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीचे होते. पुढे लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण घालून लेसरने खडा फोडण्याची पद्धतही रुळली.

यांतली कोणती चांगली? त्याचेही प्लॉट झाले आहेत आणि त्यातला एक आपल्या शेजारच्या राज्यातला आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यात नडियाद येथे १९७८ पासून मुळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालय आहे. तिथे दीड सेंटिमीटरहून लहान खड्यांच्या ७० रोग्यांचे प्रत्येकी ३५ असे दोन गट केले. एका गटात पाठीतून अगदी बारीक सुईसारख्या दुर्बिणीने, तर दुसऱ्या गटात लघवीच्या मार्गाने लवचिक दुर्बिणीने खडा फोडला. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खडा निघून जाण्याचे प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखे, शंभरात नव्वदाच्या वर होते. पाठीतल्या पद्धतीत रक्त उतरणे व दुखणे थोडे जास्त, तर दुसरीत आत नळी ठेवण्याची गरज जास्त पडली. तेव्हा खडा केवढा आहे, कुठे आहे, किती टणक आहे हे पाहून डॉक्टर पद्धत निवडतात. "लेसर म्हणजे भारी" एवढ्यावर निवडू नये.

आत ठेवलेली नळी म्हणजे स्टेंट. ती ठरलेल्या तारखेला काढून घेतलीच पाहिजे. विसरून राहिली तर तिच्यावरच खडे चढतात. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नाही

नाव-गाव न घेता एक गोष्ट सांगतो. एका सभासदाला ऐन गाळप हंगामात कळ आली. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत खडा दिसला. टोळी दोन दिवसांत फडावर यायची होती. "ऊस जाऊ द्या, मग बघू," असे ते म्हणाले. चार दिवसांनी कळ थांबली. खडा पडला असे धरून त्यांनी पुन्हा तपासणी केलीच नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी झाली, तेव्हा त्या बाजूचे मूत्रपिंड फुगून कामातून गेले होते. खडा होता तिथेच होता. पाट तुंबला आणि आवाज झाला नाही, म्हणून पाणी पुढे जाते असे नव्हे.

कळीबरोबर थंडी वाजून ताप, लघवी बंद होणे, न थांबणारी उलटी यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठा दवाखाना गाठावा. एकच मूत्रपिंड असलेल्याने आणि गरोदर बाईने तर मुळीच थांबू नये. आणि कळ थांबली तरी डॉक्टरांनी सांगितल्या वेळी पुन्हा तपासणी करून खडा पडल्याची खात्री करावी.

पुन्हा होऊ नये म्हणून

सर्वांत स्वस्त उपायाचा प्लॉट इटलीत झाला. पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांपैकी निम्म्यांना रोज दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगितले, बाकीच्यांना काही सांगितले नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्यांत शंभरात १२ जणांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ जणांना. हा अहवाल १९९६ चा.

"दूध बंद करा" हा सल्ला आपल्याकडे फार ऐकू येतो. इटलीतच ज्यांना वरचेवर खडे होत अशा १२० पुरुषांवर याचा अभ्यास झाला. साठ जणांचे दूध वगैरे कॅल्शियमचे पदार्थ कमी केले. साठ जणांचे कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांस कमी केले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना, तर दुसऱ्या गटात १२ जणांना पुन्हा खडा झाला. तेव्हा घरचे दूध सोडू नका. हात आखडायचा तो मीठ, लोणचे, पापड यांवर.

संशोधनात भाग घ्या म्हटले तर

मोठ्या रुग्णालयात कधी तुम्हालाही चाचणीत सामील होण्याविषयी विचारतील. घाबरू नका आणि न वाचता सहीही करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, वाचून घ्या. नको म्हटले तरी नेहमीचे उपचार मिळाले पाहिजेत आणि मध्येच बाहेर पडण्याचाही हक्क तुम्हाला आहे. अपाय झाला तर खर्च कोण करणार हे विचारा. भारतात २००७ पासून अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यातला नोंदणी क्रमांक मागून घ्या.

फडातले पाणी

शेवटी तोडणी मजुरांविषयी. निकाराग्वा, एल साल्वाडोर या मध्य अमेरिकेतील देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुण माणसांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे गेल्या काही दशकांत आढळले आहे. तो आजार मुतखड्याहून वेगळा आहे आणि त्याची सर्व कारणे उलगडलेली नाहीत. पण उन्हातले अति कष्ट व अपुरे पाणी हे त्यातले मोठे कारण मानतात. आपल्या फडात कोयता चालवणारी माणसेही उन्हातच असतात. टोळी आली की बांधावर पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा पिंप भरून ठेवणे ही ऊसमालकाची जबाबदारी समजावी.

स्वतःसाठी खूण सोपी आहे. लघवी फिकट दिसेल इतके पाणी प्या. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी बेतानेच घ्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र त्यांचेच ऐकावे. शस्त्रक्रियेचा खर्च अंगावर येणार असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतील रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटावे. शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर न्यावे.