कृष्णधवल फिल्म घरी धुणे

कृष्णधवल फिल्म घरी धुणे म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश पडलेल्या फिल्मवरील सुप्त प्रतिमा घरगुती साधनांनी, रासायनिक प्रक्रियेद्वारे दृश्य व टिकाऊ करणे होय. निगेटिव्हचा दर्जा पाण्याचे तापमान व त्याची उपलब्धता यांवर बराच अवलंबून असतो. त्यामुळे सातारा व सांगली जिल्ह्यांत उन्हाळ्यात या कामासाठी विशेष काळजी घ्यावी लागते.

इतिहास

महाराष्ट्रात या कामाचे प्रसिद्ध उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. १९१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाची फिल्म त्यांच्या दादर येथील घरी धुतली गेली. या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता.

प्रक्रिया

फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे कण असतात. पूर्ण अंधारात किंवा चेंजिंग बॅगमध्ये फिल्म रिळावर गुंडाळून प्रकाशरोधक टाकीत ठेवतात. पुढील कामे उजेडात करता येतात. डेव्हलपर प्रकाश पडलेल्या कणांचे चांदीत रूपांतर करतो. डी-७६ या प्रचलित डेव्हलपरच्या एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व बोरॅक्स २ ग्रॅम असते. सौम्य ॲसेटिक आम्लाने ही क्रिया थांबवतात. त्यानंतर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उरलेले सिल्व्हर हॅलाइड विरघळवतो. शेवटी फिल्म धुऊन धूळविरहित जागी वाळवतात.

तापमान

प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते. इल्फर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११च्या मूळ द्रावणात या तापमानाला साडेसात मिनिटे लागतात. २४ अंशांना सुमारे सव्वापाच मिनिटे पुरतात. काळ पाच मिनिटांहून कमी झाल्यास प्रतिमा असमान उमटण्याचा संभव असतो. अधिक उष्ण पाण्यात जिलेटिन फुगून मऊ होते व त्यावर सहज ओरखडे पडतात. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमानात मोठा फरक पडल्यास थरावर जाळीदार सुरकुत्या येतात. म्हणून सर्व द्रावणांची भांडी बर्फ घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात ठेवून समान तापमानाला आणतात. धुण्यासाठी माठातील गार पाणीही उपयोगी पडते.

पाण्याचा वापर

जिलेटिन कठीण करण्यासाठी हायपोच्या द्रावणात तुरटी घालण्याची पद्धत आहे. मात्र तुरटीमुळे हायपो थरातून लवकर निघत नाही व फिल्म वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावी लागते. हायपो उरल्यास कालांतराने निगेटिव्ह डागाळते. माण, खटाव, जत व आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळ्यात इतके पाणी वापरणे परवडत नाही. अशा ठिकाणी द्रावणे थंड ठेवून तुरटी वगळणे अधिक सोयीचे ठरते. तुरटीविरहित जलद फिक्सर वापरल्यास टाकी तीनदा ताज्या पाण्याने भरून अनुक्रमे ५, १० व २० वेळा उलटसुलट करणे पुरते.

वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते. त्यामुळे तो विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतणे अयोग्य मानले जाते.