जॅक, फळी आणि घोडा

पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत जॅक दाराशीच मांडून ठेवलेले असतात. लाल, निळे, तेलाने चकाकणारे, आणि प्रत्येकाच्या अंगावर टनाचा आकडा ठसठशीत छापलेला. गिऱ्हाईक तेवढाच आकडा वाचतं आणि विचारतं, "दादा, हा पाच टनी कसा दिला?" मुरलेला दुकानदार भाव सांगण्याआधी उलटा प्रश्न टाकतो, "साहेब, गाडी कुठली? आणि नेता कुठे?" या दुसऱ्या प्रश्नात जॅकच्या निवडीचं निम्मं शास्त्र आहे. गाडी सिंहगड रस्त्यावर पंक्चर झाली तर कुठलाही बरा जॅक चालून जातो. तीच गाडी जुलैत वेल्ह्याच्या पुढे भातखाचराच्या कडेला रुतली, की टनाच्या आकड्याला फारशी किंमत उरत नाही. तिथे जमीन कशी आहे, जॅक कितपत उंच जातो आणि गाडीला नेमका कुठे टेकवायचा, यावर सगळं ठरतं.

पुण्याला हा विषय परका नाही. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरकडे निघाली आणि एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आजही दापोडीत आहे. आकुर्डीत बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स. गुरखा ही चारही चाकांना जोर देणारी गाडी तिचीच. टेल्कोची सुमो 1994 साली आणि सफारी 1998 साली आली, त्याही इथल्याच. शिवाय ताम्हिणी, वरंधा, पवनेचं खोरं हे सगळं शहरापासून दोन-तीन तासांच्या आत. त्यामुळे रस्ता सोडून गाडी घालणाऱ्यांची इथे वाण नाही. पण हजारो रुपये टायरवर, दिव्यांवर घालणारा माणूस जॅक मात्र गाडीसोबत आला तोच वापरत राहतो, याचं मला वाईट वाटतं. कंपनी देते तो कात्रीसारखा उघडणारा स्क्रू जॅक डांबरी रस्त्यावर स्टेपनी बदलण्यापुरता असतो. 2020 नंतर तर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनीचीही सक्ती राहिली नाही. तेव्हा नवी गाडी घेताना मागचा कप्पा एकदा उघडून बघावा; जॅक आहे असं गृहीत धरू नये.

ट्रकवाल्यांचा विश्वास बॉटल जॅकवर. दिसायला ठेंगणा, पोटात तेल. दांडा खाली दाबला की बारीक दट्ट्या तेल ढकलतो आणि ते जाड दट्ट्याखाली जाऊन त्याला वर रेटतं. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पसरतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये त्यावर दाबयंत्र बांधलं आणि न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने 1851 मध्ये हातात धरून नेता येईल अशा जॅकचं पेटंट घेतलं. हिशेब सोपा आहे. बारीक दट्ट्या 10 मिलिमीटर व्यासाचा आणि जाड 40 मिलिमीटरचा धरला, तर क्षेत्रफळ सोळापट. दांड्याची तरफ पंधरापट जोर देत असेल तर एकूण 240 पट. म्हणजे दांड्यावर 10 किलोचा भार टाकला की कागदावर 2,400 किलो उचललं जातं. घर्षणात थोडं जातं ते वेगळं. मात्र बारीक दट्ट्या 16 मिलिमीटर खाली गेला की गाडी एकच मिलिमीटर वर येते. कात्रजच्या पंक्चरवाल्याचा हात इतका वेळ एका लयीत का चालतो, ते यावरून कळतं.

आता किती टनी घ्यावा? सामानासकट अडीच टनांच्या जीपवर्गातल्या गाडीच्या एका चाकावर साधारण सहा-सातशे किलो येतात. दोन टनी पुरेसा वाटतो, पण चिखल चाकाला धरून ठेवतो, गाडी कललेली असते आणि ओझं एका कोपऱ्यावर जास्त पडतं. म्हणून तीन ते पाच टनी घ्यावा. ट्रकचं गणित वेगळं. चार टायरच्या मागच्या एक्सलवर 2018 पासून 11.5 टनांपर्यंत भार चालतो, आधी 10.2 होता. त्याची एक बाजू उचलायची म्हणजे पावणेसहा टनांच्या आसपास. तिथे दहा टनी हा किमान, आणि माल भरून घाट चढणाऱ्याने वीस टनी ठेवलेला बरा.

टनांइतकंच उंचीचंही बघावं लागतं. बॉटल जॅक मिटलेला असताना सुमारे वीस सेंटीमीटर उंच असतो. टायर बसला की एक्सल जमिनीच्या इतका जवळ येतो की जॅक खाली शिरतच नाही. अशा वेळी बसलेलं चाक आधी जाड फळीवर चढवून घ्यावं, मग जॅक सरकवावा. उलट चुकीची जागाही आहेच. चासीखाली जॅक लावला तर आधी कमानपाटे किंवा स्प्रिंग मोकळे होतात, गाडी वर जाते आणि चाक मात्र जमिनीलाच चिकटलेलं राहतं. जॅकची अर्धी धाव अशी वाया जाते. म्हणून सलग एक्सल असेल तर जॅक एक्सलखाली, चाकाच्या जितक्या जवळ जमेल तितका.

जमिनीबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे, कारण जॅक घसरण्याची बहुतेक गोष्ट तिथेच सुरू होते. बॉटल जॅकचा तळ सुमारे 10 बाय 12 सेंटीमीटर, म्हणजे 120 चौरस सेंटीमीटर. त्यावर एक टन आला तर चौरस सेंटीमीटरला आठ किलोंहून जास्त दाब. पावसात भिजलेली काळी माती एक किलोही धड पेलत नाही. गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो, आणि सरळ जात नाही. जिकडे माती मऊ तिकडे तिरका होतो. आता खाली 35 सेंटीमीटर चौकोनी जाड फळी घाला. तोच एक टन 1,225 चौरस सेंटीमीटरवर पसरतो आणि दाब 0.8 किलोवर येतो. दोनशे रुपयांच्या लाकडाने दहा टनी जॅकला न जमलेलं काम होतं. फळी सागाची असो की जाड प्लायची, ती गाडीत कायम हवी. उघड्या कातळावर प्रश्न उलटा: दगड कठीण, पण निसरडा. तिथेही फळी लागते, घसरू नये म्हणून.

गॅरेजमधला चाकांचा ट्रॉली जॅक माळावर नेऊ नये. त्याचं डोकं सरळ वर न जाता कमानीत फिरतं, त्यामुळे उचलताना जॅक स्वतःच थोडा पुढे सरकत असतो. फरशीवर चाकं फिरतात. मातीत ती रुततात, आणि मग डोकं गाडीच्या खालून निसटतं.

रस्ता सोडून हिंडणाऱ्यांचा लाडका म्हणजे फार्म जॅक, उंच दांड्याचा, भोकं पाडलेला. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमफील्ड गावी तो 1905 पासून बनतो, हाय-लिफ्ट या नावाने. चार फुटी जॅकचं वजन 12-13 किलो. गाडी तो हातभर वर उचलतो, रुतलेल्या चाकाखाली दगड भरता येतात, साखळी लावून ओढायलाही उपयोगी पडतो. पण या यंत्राची मी कुणाला सहज शिफारस करत नाही. बंपर प्लास्टिकचा असेल तर त्याची जीभ टेकवायला जागाच नाही. लोखंडी बंपर किंवा चाकाला अडकवायचा हूक लागतो. त्याचा तळ लहान आणि उंची जास्त, म्हणून गाडी वर गेल्यावर बाजूचा धक्का त्याला सोसत नाही.

त्याचा खरा धोका उतरवताना असतो. दोन खिट्या आळीपाळीने भोकांत बसतात आणि भार एकीवरून दुसरीवर जातो. उतरवताना भारच दांड्याला वर ढकलतो. हात सुटला की तो जबड्यावर किंवा कपाळावर बसतो. म्हणून उलट्या दिशेचा खटका टाकण्याआधी दांडा उभ्या पट्टीला चिकटवून घ्यायचा, दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि डोकं त्याच्या वाटेतून बाजूला ठेवायचं. खिट्यांत चिखल शिरला तर त्या भोकात पुऱ्या बसत नाहीत, आणि अर्धी बसलेली खिटी कधी निसटेल ते सांगता येत नाही. भार अगदी कमी झाला तर जॅक टप्प्याटप्प्याने न उतरता एकदम खाली येतो. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती तो देऊ नये.

वाळूत किंवा दलदलीत धुराड्याच्या धुराने फुगणारी पिशवी कामाची, कारण तिचा तळच मोठा असतो. काट्याकुट्यांपासून आणि तापलेल्या धुराड्यापासून ती जपायची, खालीवर गोणपाट घालायचं.

जॅक लावण्याआधीची कामं कुणी शिकवत नाही. चढाला असाल तर शक्यतो गाडी आधी सपाटीला घ्या. माणसं खाली उतरवा. जे चाक उचलायचं त्याच्या तिरकस समोरच्या चाकाला पुढे-मागे दगड लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. विलिस घडणीच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं चाक मोकळं फिरू शकतं आणि ओढलेल्या हँडब्रेकसकट गाडी निघते. अशा गाडीत फोर व्हील टाकून गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे पुढची चाकंही धरून राहतात.

गाडी वर आली की लगेच घोडा. जॅक उचलण्यासाठी बनवलेला असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. तेल गळू शकतं, वॉशर फाटू शकतो. घोडा म्हणजे खीळ घालून पक्का केलेला लोखंडी टेकू, ज्यात हलणारं काही नाही. माळावर घोडा नसेल तर स्टेपनी आडवी करून चासीखाली सरकवा, आणि काढलेलं चाकही तिथेच ठेवा. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे कधीही नकोत. ते न कुरकुरता फुटतात. लाकूड निदान करकरतं. गाडी केवळ जॅकवर असताना अंगाचा कुठलाही भाग खाली जाऊ नये, नट पडला तरी.

घरी आल्यावर जॅक धुऊन, कोरडा करून, दट्ट्या पूर्ण खाली बसवून ठेवावा, नाहीतर उघड्या पॉलिशवर गंज चढतो आणि तोच पुढे वॉशर कापतो. तेल कमी झालं तर जॅकचंच तेल घालावं. ब्रेक ऑइल घातलं तर रबर फुगतं आणि जॅक भाराखाली हळूहळू बसू लागतो. दांडा स्पंजासारखा मऊ लागत असेल तर आत हवा आहे. झडप उघडून रिकाम्या जॅकला आठ-दहा वेळा पंप मारला की बहुधा निघते. एवढं करूनही तो रात्रभरात बसत असेल, तर नवं वॉशर किट घ्यावं आणि ते बसवल्यावर पहिली चाचणी घराच्या दारात, सपाट फरशीवर, घोडा लावून करावी.