नेम काचेमुळे चुकतो की वाफेमुळे?

श्रावणात जव्हारचा घाट चढणाऱ्या एसटीच्या खिडक्या बंद असतात आणि चष्मेवाले प्रवासी दर दोन वळणांनी काचा पुसत बसतात. मोखाड्यात सूर्यमाळच्या बाजूला तर धुकं भरदुपारीही उतरतं. सैनिकाच्या संरक्षक चष्म्याचा कस लागावा तो अशा हवेत.

चष्म्यानं नेम बिघडतो, ही तक्रार जुनी आहे. वाकड्या काचेतून येणारा प्रकाश किंचित वळतो, हे खरंच. अर्धा प्रिझम डायॉप्टर एवढं वळण असलं तरी 100 मीटरवरचं लक्ष्य 50 सेंटिमीटर सरकलेलं दिसतं. ऐकून धडकी भरावी! पण गोळी अर्धा मीटर बाजूला जात नाही. नळीच्या टोकावरची माशीही त्याच काचेतून दिसते आणि तेवढ्याच कोनानं सरकते, त्यामुळे दोन्हींची जुळणी मोडत नाही.

खरी अडचण बसण्या-झोपण्याची आहे. पोटावर पडून नेम धरला की डोकं झुकतं आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. नंबरच्या चष्म्यात तिथं मध्याइतकं स्वच्छ दिसत नाही. फ्रेम दस्त्याला अडली तर गालाची बैठकही हलते. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या नेमबाजीत 451.4 गुणांनी कांस्य जिंकलं, त्या प्रकारात गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्यानं, असे तिन्ही नेम असतात. खेळातल्या नेमबाजाला नजरेच्या रेषेत फिरवून बसवता येणारी काच मिळते. जवानाला ती चैन नाही, कारण स्फोटातला तुकडा कुठूनही येतो. म्हणून त्याची काच पॉलिकार्बोनेटची आणि कानशिलापर्यंत वळलेली. सेकंदाला सुमारे 195 मीटर वेगानं आलेला चार मिलिमीटरचा धातूचा तुकडा तिनं अडवावा, अशी अमेरिकी लष्कराची अट आहे.

डोळ्यांभोवतीचं हेच कुंपण घामाची वाफ कोंडतं. काच थंड असली की वाफेचे थेंब होतात आणि माशी, लक्ष्य दोन्ही पुसट. वाफरोधक लेपावर थेंब न होता पाण्याचा पातळ थर पसरतो, पण चिखलाच्या बाहीनं चार वेळा पुसलं की लेप जातो. हवेसाठी भोकं ठेवावीत, तर धूळ आत शिरते. शेवटी जवान चष्मा कपाळावर सरकवतो. त्यामुळे कोरड्या मैदानावर मोजलेल्या नेमाचं मला फारसं कौतुक नाही. पावसात चढ चढवा, लगेच गोळीबार करायला लावा आणि किती जणांच्या डोळ्यांवर चष्मा उरलाय, तेही मोजा.