दारातली कोरफड आणि मुलीचा रंग

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नायगावातील एका मुलीला पाहुणे बघून गेले. मुलगी पदवीधर, बोलायला-चालायला चांगली. निरोप आला, "सगळे पसंत आहे, फक्त रंग सावळा आहे." दुसऱ्याच आठवड्यात आईने बाजारातून गोरेपणाची डबी आणली. चेहरा थोडे दिवस उजळला, मग लाल झाला, आग होऊ लागली. आम्ही मायलेकींना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारले, "डबीवर काय लिहिले आहे?" डबीवर काहीच लिहिलेले नव्हते.

भगिनींनो, अशा बिननावाच्या डबीत स्टिरॉइड असू शकते. त्याने कातडी पातळ होते. पारासुद्धा असू शकतो. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही म्हणून चेहरा उजळतो. पण तोच पारा रक्तात उतरून मूत्रपिंडावर घाव घालतो. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार जडल्याचे २०२३ साली समोर आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. क्रीममध्ये पारा घालण्यास कायद्याने बंदी आहे, तरी अशा डब्या विकल्या जातात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोरफड, हळद, कडुलिंब यांनीही कोणी गोरे होत नाही. आणि व्हायचे तरी कशाला? सावळ्या कातडीतला रंग हे उन्हापासूनचे संरक्षण आहे. भर उन्हात खुरपणी करणाऱ्या आमच्या आयाबायांना निसर्गाने दिलेली ती छत्रीच आहे. झाडपाल्याने कातडी मऊ राहते, कोरडेपणा कमी होतो. तेवढे पुरेसे आहे.

कोरफड अशी लावा, अशी वापरा

तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली छिद्रे पाडा. वाळू मिसळलेली माती भरून कोरफडीचे पिल्लू लावा. आठवड्यातून एक-दोनदा पाणी पुरे. पाण्याच्या टंचाईतही ती तग धरते. पान कापल्यावर दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवा. पिवळा चीक गळू द्या, त्याने खाज सुटते. मग धुऊन आतला गर लावा. लागेल तेवढाच काढा, साठवू नका. तो लवकर नासतो.

टाचेच्या भेगांसाठी मलम

कडुलिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवा. ओला पाला तेलात घातला तर तेल खराब होते. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी ठेवा. वाटीत चार चमचे करडईचे तेल व थोडा वाळका पाला घालून अर्धा तास मंद आचेवर राहू द्या. तेल गाळून त्यात एक चमचा किसलेले मधमाशीचे मेण विरघळवा. कोरड्या डबीत ओता. रात्री पाय धुऊन, पुसून लावा. करडई आपल्या मराठवाड्याचीच. खर्चही फार नाही.

हे विसरू नका

कोणतीही वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, कातडी भाजते. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या जखमेवर घरगुती उपाय करू नये. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर पाला लावत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

त्या मुलीचा चेहरा हळूहळू निवळला. तिच्या दारात आता कोरफड आहे. पण आमच्या मनाला एक गोष्ट अजून टोचते. ते पाहुणे परके नव्हते, आपल्यातलेच होते. सभेत समतेच्या भाषणाला टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन मुलीचा रंग मोजायचा, हे कसे चालेल? टाचेच्या भेगेला मलम आहे. या भेगेला मलम आपणच शोधायचे आहे. पुढच्या वेळी मुलगी बघायला जाल तेव्हा तिचे शिक्षण विचारा, तिचे मत विचारा. रंगाचा विषय आपल्या घरातून कायमचा हद्दपार करा.