पाऊस हुकला, पण भूक कशामुळे?

मराठवाड्यातल्या नारायणगडाचा परिसर पर्जन्यछायेतला. तिथे पाऊस हुकणं नवं नाही. म्हणूनच मराठवाड्यात शेतकरी जमिनीत पेव खोदत, आतून अस्तर लावून ज्वारी भरत आणि तोंड मातीनं लिंपत. एक हंगाम बुडाला तर पेव तारून नेई. लागोपाठ दोन बुडाले की हात टेकावे लागत. १६३०-३२ च्या दुष्काळात दख्खन उजाड झालं, ते मात्र नुसतं पावसापायी नव्हे. शाहजहानच्या फौजा याच मुलखात लढत होत्या आणि धान्य-वैरण त्यांनाही हवी होती.

दळणवळण सुधारलं म्हणून पुढे उपासमार टळली, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. १८७६-७८ च्या दुष्काळात रेल्वे होतीच. तरी लाखो माणसं मेली आणि देशातून धान्याची निर्यात चालूच राहिली. खरा फरक हातात पडणाऱ्या मजुरीचा आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या बायाबापड्यांना रोज मिळाला, रेशनवर मिलो ज्वारी मिळाली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. त्या अनुभवाच्या बळावर १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. माणसं जगली; दावणीची कित्येक जनावरं मात्र गेली.