भुईकाट्याचा आकडा संगणकात येतो कसा?

सणसवाडीत कारखान्यांचा माल वाहणारे ट्रक भुईकाट्यावर चढतात, तेव्हा खालचे लोडसेल जेमतेम काही मिलिव्होल्टचा संकेत देतात. इंडिकेटरमधला मायक्रोकंट्रोलर त्याचे किलो करतो आणि सीरियल केबलमधून केबिनमधल्या संगणकाकडे धाडतो. उसाच्या काट्याचीही जोडणी साधारण अशीच.

१८३४० हा आकडा एका दमात जात नाही. आधी ‘१’, म्हणजे आस्की संकेतातला ४९. मग ‘८’, म्हणजे ५६. असे एकेक अक्षर जाते. आठ डेटा बिट, पुढेमागे स्टार्ट आणि स्टॉप मिळून अक्षरामागे १० बिट. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, म्हणून ९६० अक्षरे. काट्याला ती रग्गड झाली.

दोन्ही टोकांचा बॉड रेट वेगळा असेल, तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो. ती चूक निदान लगेच कळते. खरी गोम पुढेच आहे: संगणकाच्या हाती आधी ‘१८’ आणि क्षणभराने ‘३४०’ पडू शकते. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत जो प्रोग्राम थांबत नाही, तो अठरा टनांचा ट्रक अठरा किलोचा ठरवून पावती छापायला मोकळा!

या सीरियल जोडणीचे आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे. त्यात उणे व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक म्हणजे ०. त्यामुळे ५ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर त्या पोर्टला थेट जोडायचा नाही; मध्ये मॅक्स-२३२ सारखी चिप लागते. केबिन लांब असेल तर आरएस-४८५ घ्यावे, कमी वेगाला ते १२०० मीटरपर्यंत चालते.