विमान कोणाचे, नाव कोणाचे?

नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. तेव्हापासून दिघाशी-भिवंडीकडचे पालक भेटले की एकच विचारतात, "मुलाचे विमानतळावर कुठे जमेल का?" या प्रश्नाला धरूनच आज बोलावे असे आम्ही ठरविले. विमानविद्येशी आमचा संबंध नाही. आमचे आयुष्य यंत्रमाग कामगार आणि गाडीवाले यांच्या युनियनांत गेले. परंतु विमानाचे यंत्र आम्हाला कळले नाही तरी विमानाचा ठेका कळतो, कारण ठेका सगळीकडे एकाच जातीचा असतो.

अमक्या कंपनीची विमाने दुप्पट झाली, तमक्या कंपनीने नवी शंभर मागविली, अशा बातम्या आपण वाचतो आणि कंपनी भरभराटीस आली असे समजतो. ही विमाने कोणाच्या कराराने उडतात हे मात्र त्या बातमीत क्वचितच असते. आमच्या मते खरी बातमी तीच.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे १९७८ साली भाडे आणि मार्ग यांवरचे सरकारी नियंत्रण उठले. लहान गावांना मोठे विमान परवडेना, तेव्हा बड्या कंपन्यांनी ते काम प्रादेशिक कंपन्यांकडे सोपविले. युटा राज्यातील स्कायवेस्ट ही त्यांपैकी एक. तिच्याकडे सुमारे पाचशे विमाने आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर नाव असते ते डेल्टाचे, युनायटेडचे, अमेरिकनचे किंवा अलास्काचे. तिकीट बडी कंपनी विकते, वेळापत्रक ती ठरविते, इंधनाचा खर्चही बहुधा तीच सोसते. प्रादेशिक कंपनीला दर फेरीमागे आणि दर उड्डाण-तासामागे ठरलेला दर मिळतो. आसने भरोत वा रिकामी जावोत, तिच्या पैशांत फारसा फरक पडत नाही. वैमानिक, परिचारिका आणि देखभाल एवढे मात्र तिच्याकडे. दर आधीच बांधलेला, तेव्हा नफा काढायचा कोठून? वैमानिकाच्या पगारातून. एकाच रंगाच्या दोन विमानांतले दोन वैमानिक कित्येक वर्षे फार निराळ्या पगारावर उडत राहिले, ते यामुळे.

भिवंडीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. मागवाल्याला मजुरी मिळते ती पिकाच्या दराने. फरक एवढाच की मागवाल्याला विजेचे बिल स्वतः भरावे लागते आणि अमेरिकन ठेकेदाराचे इंधन धनी भरतो. आमचा मागवाला त्या मानाने अधिकच नाडलेला! बाकी गत तीच. व्यापाऱ्याने बीम पाठविणे थांबविले की बारा मागांचा मालक आणि चोवीस मागांचा मालक सारखेच बसून राहतात.

एक्सप्रेसजेट कंपनीचे असेच झाले. एके काळी तिच्याकडे चारशेंवर विमाने होती. २०२० साली युनायटेडने आपले काम दुसऱ्या कंपनीकडे वळविले आणि ३० सप्टेंबरला एक्सप्रेसजेटची त्या कराराची उड्डाणे थांबली. वैमानिकाची ज्येष्ठता कंपनीबरोबरच संपते. वीस वर्षे उडविलेला माणूस नव्या कंपनीत गेला तर यादीत शेवटचा.

यावर तेथील वैमानिकांच्या संघटनांनी जो तोडगा काढला तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्यांनी बड्या कंपन्यांशी केलेल्या करारांत एक कलम घातले : बाहेरच्या कंपनीला द्यायचे विमान ७६ आसनांहून मोठे नसावे आणि अशा विमानांची संख्याही ठराविकच असावी. याला ते 'स्कोप'चे कलम म्हणतात. पगारवाढीच्या कलमापेक्षा या कलमासाठी ते अधिक झगडले आहेत.

प्रवाशाचाही यात संबंध येतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ एक विमान कोसळले आणि ५० माणसे गेली. विमानावर नाव कॉन्टिनेंटलचे, चालविणारी कंपनी कोलगन. चौकशीत वैमानिकाची चूक दिसली, तशी थकव्याचीही चर्चा झाली. सहवैमानिक बाई देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आल्या होत्या. पुढे २०१० च्या कायद्याने, विमान प्रत्यक्ष कोण चालविणार हे तिकीट विकतानाच सांगणे बंधनकारक झाले.

आपल्याकडे लहान गावांसाठी वायुदूत निघाली ती १९८१ साली, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांच्या भागीदारीत. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. अलीकडच्या 'उडान' योजनेत करार सरकारशी असतो. तोट्याची भरपाई तीन वर्षे मिळते. एप्रिल २०१७ मध्ये नांदेड-हैदराबाद विमान सुरू करणारी ट्रूजेट २०२२ साली बंद पडली.

आता मुंबईच्या रस्त्यावर येऊ. गाडी, चालक आणि देखभाल यांसह भाड्याने घेणे याला 'वेट लीज' म्हणतात. हा शब्द मूळचा विमानधंद्यातला, आणि तोच बेस्टने उचलला. बस ठेकेदाराची, रंग आणि नाव बेस्टचे, ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर. जानेवारी २०१९ मधील नऊ दिवसांच्या संपानंतर, त्याच वर्षी जूनमध्ये, युनियनने करारात लिहून घेतले की स्वतःच्या ३,३३७ गाड्या बेस्ट कायम राखील. हे आपले 'स्कोप'चेच कलम होय. पण जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या पुरेशा आल्या नाहीत आणि २०२५ पर्यंत स्वतःचा ताफा हजाराच्याही खाली आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका ठेकेदाराने काम सोडले आणि त्याच्या पावणेतीनशेच्या आसपास छोट्या बसगाड्या रस्त्यावरून गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या गाड्यांचे चालक पगारवाढीसाठी संपावर गेले, तेव्हा थांब्यावर ताटकळणाऱ्या उतारूला, गाडीवर बेस्टचे नाव असताना चालक बेस्टचा कसा नाही, हे उमगेना.

म्हणून विमानतळावर मुलगा लागला की पालकांनी आधी नेमणूकपत्र पाहावे. गणवेशावरचे नाव आणि पत्रावरचे नाव एकच आहे काय? नसेल, तर ठेका किती वर्षांचा आणि तो दुसऱ्याकडे गेला तर मुलाच्या नोकरीच्या वर्षांचे काय, हे विचारावे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मुख्य मालकाने द्यावी, अशी तरतूद १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. मात्र ती बुडालेल्या मजुरीपुरतीच आहे. ठेका संपल्याने गेलेली नोकरी तिने परत मिळत नाही.